तिसऱ्या सिलिंडरचा दम

अंगठा! माणसाने नुसता अंगठा लावला आणि इंजिन मेलं म्हणून सांगून टाकलं. मी समोर उभी होते म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मिस्तरीने बाबांच्या जुन्या गाडीचे चारही प्लग काढले, मला स्टार्टर मारायला सांगितला आणि प्लगच्या एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. आतली हवा अंगठ्याला ढकलून फुस्स करून बाहेर यायची. चारही वेळा आली, मी कानाने ऐकलं. मग अंगठा पँटला पुसत तो म्हणाला, "चारी सारखेच. लय जुनं हाय ताई, दमच नाय ऱ्हायला. इंजिन बदला, न्हाईतर गाडीच काढून टाका. माझ्याकडं गिऱ्हाईक हाय."

त्याचं ते गिऱ्हाईक ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं अर्धं आयुष्य नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात क्वालिटीला गेलंय, अजून नोकरी चालू आहे. आमच्याकडे एखादा तुकडा नापास करायचा तर आधी माप दाखवावं लागतं. 'मला वाटलं' असं म्हणून चालत नाही. आणि हा पठ्ठ्या अंगठ्यावर अख्खं इंजिन नापास करतो! मी म्हटलं, "आकडा सांगा. किती कॉम्प्रेशन आहे, आतल्या हवेचा दाब किती?" तर हसला. "आकडा काय करायचाय ताई? हाताला कळतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

हे नुसतं गाडीचं असतं तर मी इतकी पेटले नसते. पण आमच्या घरात त्या गाडीला एक शब्द बांधलेला होता. आई गेल्यापासून दादाचं एकच टुमणं: बाबांनी पुण्याला माझ्याकडे यावं, ही दिवसभर कारखान्यात, ते घरी एकटे, या वयात कसं चालायचं. आणि बाबांचं ठरलेलं उत्तर: "गाडी चालतीये तोवर मी इथं. गाडी बंद पडली की ये न्यायला." बाबा हे हसत म्हणायचे. दादाने ते मनात लिहून ठेवलं.

बाबांची घोटीला भातगिरणी होती. आम्ही नाशिकला राहायचो आणि ते रोज या गाडीने घोटीला जाऊन यायचे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, तेव्हा रस्त्यावर दोन-तीनच तर प्रकार दिसायचे. गिरणी विकली, गाडी नाही विकली. हल्ली दर रविवारी सकाळी ते मला शेजारी बसवून गंगापूर रोडला एक चक्कर मारायचे आणि आठवडाभर त्या चकरेवर खूश असायचे. पुण्याला दादाच्या अकराव्या मजल्यावर गेले की दोन दिवसांत त्यांचं बोलणं बंद होतं. तिथे ते जेवतात, झोपतात, खिडकीपाशी बसतात. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना तिथे कायमचं पाठवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

गेले काही रविवार गाडी चढाला धापा टाकत होती, म्हणून तर मिस्तरीला बोलावलं. मी सांगायच्या आधी त्यानेच दादाला फोन केला! दादाचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता. "दसऱ्याला येतो. बाबांचं सामान भरून ठेव."

"आधी मी मोजणार," मी म्हटलं.

"काय मोजणार?"

"कॉम्प्रेशन. आणि तोवर त्या अंगठेबहाद्दराला माझ्या अंगणात पाठवू नकोस."

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. कॉम्प्रेशन गेज मागितला. काउंटरवरच्याने माझ्या मागे पाहिलं, बरोबर कोणी पुरुष आहे का ते बघायला.

"मिस्तरी कुठंय, ताई?"

"मिस्तरी घरी अंगठा चोखतोय. गेज दाखवा."

त्याने जो काढला त्याच्या टोकाला रबराची बोंडी होती. ती प्लगच्या भोकात जोर लावून दाबून धरायची आणि दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. हात जरा तिरका झाला की बाजूने हवा निसटली. ज्याच्या मनगटात जोर त्याचं इंजिन पास! मी म्हटलं, "हा पण अंगठाच की हो, फक्त रबराचा." तो म्हणाला, सगळे मिस्तरी हाच नेतात. तेच तर रडगाणं आहे, म्हटलं, आणि पायऱ्या उतरले.

मग ऑनलाइन मागवला. मोठी लाल पेटी, आत ढीगभर तुकडे, बाहेर लिहिलेलं 'सर्व गाड्यांसाठी'. भोकात आट्यांनी पिळून बसवायचा होता, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न नाही, हे बरं. पण आमच्या गाडीचा प्लग त्या तुकड्याशेजारी धरून पाहिला तर तुकडा जवळजवळ दीडपट लांब. जुन्या इंजिनाला आखूड आट्यांचा प्लग लागतो. हा तुकडा पूर्ण पिळला असता तर टोक आत लोंबलं असतं आणि व्हॉल्व्ह त्यावर आपटला असता. मोजायला जायचं आणि मोजता मोजता मोडून यायचं! परत पाठवायला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणत राहिली की तुकडा बसतोय ना मॅडम, मग अडचण काय आहे. बसतोय हीच अडचण आहे, हे मी तिला तीनदा सांगितलं. शेवटी इतकी ओरडले की बाबा बाहेर येऊन विचारायला लागले, कोण गेलं म्हणून.

शेवटी सातपूरच्या एका दुकानदाराने माझं नीट ऐकून घेतलं. आमच्या कारखान्याला माल देतो तो. लांब लवचिक नळी, टोकाला आखूड आटे. मी आधी नळीचं टोक उलटं करून आत बघितलं. सायकलच्या ट्यूबला असतो तसा एक बारीक व्हॉल्व्ह यात असतो, आलेली हवा परत जाऊ देत नाही. तो इंजिनाकडच्या टोकाला हवा. वर गेजपाशी असला तर अख्खी नळी भरण्यात दाब खर्ची पडतो आणि आकडा कमी दिसतो. धडधाकट इंजिन आजारी ठरतं. याचा जागेवर होता. दुकानदाराने दोन तबकड्यांचं आणखी एक यंत्रही पुढे केलं. "हेही न्या. गेज नुसता आकडा सांगेल. यात बाहेरून हवा भरायची, मग हवा कुठून पळते ते कळतं." मी म्हटलं, मला आकडाच हवाय, भावाच्या तोंडावर मारायला. नुसता गेज घेतला, कारखान्यातल्या मास्टर गेजशी ताडून पाहिला आणि समाधानाने घरी आणला.

या सगळ्या खटाटोपात आटे ताडून बघायला लागत म्हणून गाडीचे प्लग बाहेरच ठेवले होते. चारही भोकांत मी धुतलेल्या फडक्यांचे बोळे कोंबले होते, धूळ जाऊ नये म्हणून. आता बोळे काढायचे, गेज लावायचा, की झालं. पण मध्ये खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. गिरणी होती तेव्हा पट्टे, पाने, वजनं, सगळं पाटावर मांडायचे. आता पाने, पक्कड, आईची विळी आणि गाडी. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची आरती होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा बाबांचा कडक नियम. नवा गेजही त्यांनी पाटावर मांडायला लावला. "ते मापाचं आहे बाबा, हत्यार नाही," मी म्हटलं. "मापाचं आधी पुजायचं," ते म्हणाले. मला आमच्या कारखान्यातल्या पूजेला जायचं होतं, मी फणफणत निघून गेले. घरची पूजा बाबांनी एकट्याने केली.

दसऱ्याची आरती झाल्यावर दादा आला, सोनं देऊन बाबांच्या पाया पडला आणि डिकीतून दोन रिकाम्या बॅगा काढल्या. बरोबर मिस्तरी! म्हणे योगायोगाने नाक्यावर भेटला. मी म्हटलं, या, बघा, आज सगळ्यांच्या देखत होऊन जाऊ दे.

बॉनेट उघडं होतं. इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक, रेडिएटरला झेंडूची माळ. आणि माझे चारही बोळे भोकांत नव्हते. चार घड्या करून, एकावर एक रचून, मडगार्डवर ठेवलेले. मी मिस्तरीवर धावूनच गेले.

"कोणी काढले हे?"

"आईच्यान ताई, मी आत्ता येतोय. हात नाय लावला."

माझा विश्वास बसला नाही, पण भांडायला वेळ नव्हता. पूजेच्या आधीच काढून चार्जिंगला लावलेली बॅटरी बसवली. कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी पडायला नको. दादाला स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, ॲक्सिलरेटर तळाला दाबून ठेव, इंजिनाला पोटभर हवा मिळू दे, मग स्टार्टर मार. बाबा पायरीवर खुर्ची टाकून बसले होते, काठी दोन गुडघ्यांत धरून.

पहिल्या सिलिंडरला गेज लावला. काटा टुणटुण उड्या मारत शंभराच्या वर जाऊन थांबला, जुन्या इंजिनाला तेवढं भरपूर. दुसरा, तसाच. मी मिस्तरीकडे बघितलं, तो आपट्याच्या पानाशी चाळा करत होता. मला वाटलं, जिंकले! तिसऱ्याला लावला.

काटा हललाच नाही.

काढून परत पिळला. परत मारायला लावला. शून्य. चौथा पुन्हा फक्कड, शंभराच्या वर. तिसरा मेलेला.

"म्हटलं व्हतं ना," मिस्तरी म्हणाला. दादा गाडीतून उतरला, हात झटकले आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "अगं, तू केलंस तेवढं खूप केलंस." मला त्याला तो गेज फेकून मारावासा वाटला. आणि बाबा? उठले, काठी टेकत आत गेले आणि त्यांच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. ते बॅगेत भरायला कपडे काढत होते. दिलेला शब्द पाळायला निघाला होता माझा बाप!

मी तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या तर तेलाने फट बुजते आणि काटा थोडा तरी चढतो. नाही चढला. म्हणजे रिंगा नव्हत्या, व्हॉल्व्ह होता. पण माझ्या डोक्यात वेगळंच फिरत होतं. इंजिन म्हातारं झालं तर चारही सिलिंडर थोडेथोडे थकतील. तीन तरणेताठे आणि एक एकदम शून्य, असं म्हातारपण कुठे येतं?

"त्या दिवशी तुम्ही अंगठा लावला तेव्हा तिसऱ्यात हवा होती का?" मी मिस्तरीला विचारलं.

"व्हती की. चारी सारखेच म्हटलं ना."

"मग त्यानंतर काय झालं?"

त्याने डोकं खाजवलं. दादा म्हणाला, उद्या सकाळी निघू. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी. माझं अजून मोजून संपलेलं नाही. तो माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर दुप्पट ओरडले. शेजारचे गच्चीवरून बघत होते, बघू देत.

सकाळी दुकान उघडायच्या आधी सातपूरला जाऊन उभी राहिले आणि ते दोन तबकड्यांचं यंत्र घेतलं. आकडा हवाय म्हणे मला! कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून त्याचा छोटा कॉम्प्रेसर मागून आणला. मिस्तरीलाही बोलावून घेतला, कारण त्याने बघायलाच हवं होतं. तिसऱ्याचा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह मिटले की हवा सोडायची आणि कान लावत फिरायचं. कार्ब्युरेटरपाशी काही नाही. तेल ओततो त्या तोंडाशी काही नाही. मग मी साडी खोचून जमिनीवर आडवी झाले आणि सायलेन्सरला कान लावला. आत सू सू चाललं होतं. सगळी हवा तिथून जात होती.

"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह," मिस्तरी म्हणाला. "जळला असंल."

"किंवा काहीतरी अडकलंय," मी म्हटलं.

वरचं झाकण काढून त्या व्हॉल्व्हच्या टोकावर हातोडीच्या लाकडी दांड्याने दोन ठोके दिले. सायलेन्सरमधून भस्सकन हवा सुटली आणि एकदम सगळं चिडीचूप झालं. तबकडीचा काटा वर जाऊन ठाम उभा राहिला. मग हवेची नळी काढून मी भोकावर एक पांढरं फडकं धरलं आणि दादाला म्हटलं, मार स्टार्टर. आत जे काही उरलं असेल ते थुंकू दे.

फडक्यावर तेलाचा शिंतोडा उडाला आणि त्यात दीड दाणा तांदूळ. तेलाने माखलेला, पण कुंकवाचा लाल रंग अजून होता.

अक्षता!

बघितलं आणि त्या चार घड्या घातलेल्या बोळ्यांचा उलगडा झाला. फडकं कितीही फाटकं असो, त्याच्या चार घड्या करून ठेवणारा आमच्या घरात एकच माणूस.

"कोणी टाकला हा तांदूळ इंजिनात?" दादाने विचारलं.

बाबा पायरीवरून उतरून आले होते. त्यांनी हात पुढे केला. मी अख्खा दाणा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही, दोन बोटांत धरून चोळला, गिरणीत नमुना बघायचे तसा. "आपल्या घोटीचा आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "झाकलेल्या यंत्राची पूजा करायची नसते."

दादाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी ओळखलं. इंजिन सुटलं होतं आणि आता बाबा सापडले होते. उघड्या भोकात अक्षता पडलेल्या ज्यांना दिसल्या नाहीत, त्यांना एकटं कसं ठेवायचं? तो तोंड उघडणार, इतक्यात मीच बोलले.

"मी टाकल्या. पूजा मी केली. बोळेही मीच काढले आणि विसरले. घाईत होते, कारखान्यात जायचं होतं."

"तू?" दादा हसायला लागला. "क्वालिटीवाली तू? इंजिनात तांदूळ?"

"हो, मी. हस, किती हसायचं ते हस."

तो हसला, पोट धरून हसला. मिस्तरीही हसला. जन्मात एवढं मी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. दात आवळून उभी राहिले आणि तिसऱ्याला गेज लावला. शंभराच्या वर. चढाला दम लागायचा तो ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या झिजेमुळे, ते मिस्तरीने त्याच संध्याकाळी मान खाली घालून बदलले. दादा दोन्ही रिकाम्या बॅगा घेऊन पुण्याला गेला.

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. मी नेहमीसारखी डावीकडे बसायला निघाले तर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालव. मला एका डोळ्याने नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

म्हणजे इतके रविवार मी गंगापूर रोडला त्यांच्या शेजारी निवांत बसले होते! माझा असा संताप झाला की मला रडू फुटलं. "आणि मला सांगायचं नाही? घरात मी कशाला आहे? कुणाला उडवलं असतं म्हणजे? स्वतः गेला असता म्हणजे?" गल्लीत ऐकू जाईल इतकी ओरडले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश डावीकडे बसले आणि दार ओढून घेतलं.

"तुला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू माझंही कॉम्प्रेशन मोजायला घेतलं असतंस. आणि आकडा कमी आला असता."

मी नाक पुसलं, चोक ओढला आणि स्टार्टर मारला. चारही सिलिंडर एका दमात लागले. गंगापूर रोडला वळताना बाबा म्हणाले, डावीकडून काही येतंय का ते तूच बघ.